नळीच्या तोंडाशी चिखल

सापळा रिकामाच होता. ही सहावी सकाळ.

व्हर्लिन हाउगस्टाड छातीपर्यंत येणारा रबरी पोशाख चढवून कमरेएवढ्या पाण्यात उभा होता आणि सापळ्याकडे असा बघत होता, जणू त्यानेच काहीतरी लपवून ठेवलंय. मोठी सुटकेस अर्धवट उघडून पाण्यात ठेवावी तसा तो जाळीचा सापळा. मधल्या पट्टीला धक्का लागला की दोन्ही झाकणं फाडकन मिटतात आणि आतलं जनावर अर्धं पाण्यात, अर्धं वर, धडधाकट, फक्त भयंकर चिडलेलं असं हाती लागतं. सोमवारी त्यात बदक सापडलं होतं. मंगळवारी वाहत आलेला ओंडका. बाकी चार दिवस नुसतं पाणी.

सापळ्याच्या मागे बांध होता. काटक्या, चिखल आणि दलदलीतलं लव्हाळं रचून बीव्हर या ओढे अडवणाऱ्या, कुरतडणाऱ्या पाणजनावरांनी दोन वर्षांत उभा केलेला, चाळीस पावलं लांब. त्यात व्हर्लिनने स्वतः पाडलेलं ताटाएवढं भगदाड होतं आणि त्यातून पाणी पलीकडे पडत होतं. वाहत्या पाण्याचा आवाज बीव्हरला सोसत नाही. भुकेला असो, दमलेला असो, आवाज कानावर आला की तो उठतो आणि भोक बुजवायला निघतो. व्हर्लिनचा चौदा वर्षांचा धंदा या एका खोडीवर उभा होता. भगदाड पाडायचं, त्याच्या तोंडाशी सापळा लावायचा, पहाटे येऊन बघायचं.

इथेही सुरुवात झकास झाली होती. आधी नर सापडला, मग गेल्या वर्षीचं एक पोर, मग यंदाची दोन पिल्लं. शेवटचं पिल्लू गेल्या गुरुवारी पहाटे. उरली होती ती फक्त आई. आणि गेल्या गुरुवारपासून ती भगदाडाकडे फिरकली नव्हती.

ती निघून गेली म्हणावं, तर पाण्यावर ताज्या सोललेल्या वाळुंजाच्या काटक्या तरंगत होत्या. म्हणजे बाई घरातच होत्या, फक्त दार सताड उघडं टाकून. असा बीव्हर व्हर्लिनने जन्मात पाहिला नव्हता.

दलदलीच्या काठाने एकोणीस घरं होती. वीस वर्षांपूर्वी वसाहत वसली तेव्हा जाहिरातीत ‘पाणथळीच्या कुशीत’ असं लिहिलं होतं. आता ती कूस दोन फूट वर चढली होती. तीन अंगणांतली हिरवळ पाण्याखाली होती, दोन घरांचे मैल्याचे हौद तुंबले होते. बांधातून पाइप टाकून पाणी उतरवायचा उपाय झाला असता, पण तळं इथे इतकं उथळ की पाइपाचं तोंड बुडेना. शेवटी वसाहतीच्या समितीने व्हर्लिनला शनिवारी सकाळी आठपर्यंतची मुदत दिली होती. त्यानंतर खोदयंत्र येणार होतं, आणि त्याच्याबरोबर दुसऱ्या जातीचे सापळे लावणारा माणूस. त्या सापळ्यांतून जनावर जिवंत निघत नाही.

आज बुधवार.

सापळा पुन्हा ताणून व्हर्लिन काठावर आला. त्याच्या पिकअपमध्ये, कपाच्या खळग्यात, पेपरमिंटची जुनी डबी होती आणि तिच्यात त्याची कानातली यंत्रं. बावीस वर्षं कॅस्केड डोंगरात यांत्रिक करवत चालवून त्याचे कान अर्धे गेले होते. माणसांचं बोलणं, मोटारी, कुत्री एवढं ऐकू यायचं. बारीक, किणकिणतं जे काही असेल ते गेलं होतं. यंत्रं पाण्यात पडली तर बायको घरात घेणार नाही, म्हणून कामावर ती डबीतच राहायची. तो त्याबद्दल फारसं बोलत नसे. नाक शाबूत होतं आणि बीव्हरांच्या धंद्यात नाकाचंच काम जास्त, असं त्याचं म्हणणं.

डबीकडे न बघताच तो शेवटच्या घराकडे वळला, कारण तिथल्या ओसरीवरून हेस्टर लिंडक्विस्टबाई छत्री हलवत होत्या. पाऊस नव्हता.

हेस्टरबाई एक्क्याऐंशी वर्षांच्या. आयुष्यभर चर्चमध्ये ऑर्गन वाजवला आणि घरी पोरांना पियानो शिकवला. व्हर्लिनची मुलगी त्यांच्याकडे शिकायला होती, त्यामुळे त्यांच्या लेखी व्हर्लिन अजूनही फी द्यायला दारात उभा राहणारा, टोपी हातात धरलेला चिखलाळ बापच होता. गेल्या आठवड्यात त्यांच्या तळघरात पाणी शिरलं आणि तिथे ठेवलेल्या पियानोच्या पायांना लागलं. व्हर्लिनने पियानोखाली विटा सारल्या, आपला स्वतःचा पंप आणून बसवला, आणि नळी थेट लव्हाळ्यात नेऊन सोडली. काम त्याने नेहमीप्रमाणे नीट केलं. नळीचं तोंड खुंटाला तारेने बांधून पाण्याच्या वर वीतभर ठेवलं, आणि खालची माती खचू नये म्हणून धारेखाली पत्र्याचा तुकडा मांडला.

“तुझा पंप पुन्हा बसला,” हेस्टरबाई म्हणाल्या.

“चाळणी भरली असेल.”

“चाळणी काल तूच धुतलीस. परवाही धुतलीस. आता ती माझ्या चहाच्या कपांपेक्षा स्वच्छ आहे.”

“मग तुम्ही फार वेळ चालू ठेवत असाल.”

“अरे, तळघरात सरोवर झालंय माझ्या! थोडा वेळ चालवून काय करू? मासे सोडू?”

व्हर्लिन तळघरात उतरला. पंप गार पडला होता. अडलं की आपोआप बंद होण्याची सोय होती त्याला. त्याने झाकण काढलं, चाळणी झटकली, झाकण लावलं. पंप लगेच सुरू झाला. विजयी चेहऱ्याने तो वर आला.

“बघा. चाळणी.”

“तू यायच्या आधी मी नळीच्या तोंडातून मूठभर चिखल उकरलाय. झारीशेजारची ती छोटी खुरपी घेऊन. म्हणून सुरू झाला.” हेस्टरबाईंनी शालीची टोकं घट्ट केली. “कुणीतरी रोज रात्री नळीत चिखल भरतं. मला वाटतं समोरची ती जुळी.”

“पोरंच ती. कंटाळतील.”

“तोच तर प्रश्न आहे. चाळीस वर्षं पोरांना शिकवलंय मी. पोरं कुठलीही गोष्ट इतक्या नेमाने करत नाहीत.”

व्हर्लिन हसला. त्याचं लक्ष बांधाकडे होतं. त्याने त्यांच्या हातची कॉफी उभ्या उभ्या प्यायली आणि ‘पोरांच्या आईशी बोलतो’ असं म्हणून निघाला. बोलायला अर्थातच विसरला.

गुरुवारी सातव्यांदा रिकामा सापळा बघून तो जुन्या मत्स्यबीज केंद्रावर गेला. माशांची पिल्लं वाढवण्याचे लांबट सिमेंटचे हौद आता बीव्हरांच्या मुक्कामासाठी वापरले जात. नोएमी अबाद तिथे वाळुंजाच्या फांद्या मोजून टाकत होती. बीव्हरांना वरच्या डोंगरातल्या ओढ्यांवर हलवण्याचं काम तिच्याकडे होतं. तीस वर्षांची, बारीक चणीची, कानामागे पेन्सिल आणि खिशात वजनाचा तक्ता. कुठलीही गोष्ट तीनदा मोजल्याशिवाय ती खरी मानत नसे, आणि त्यामुळेच व्हर्लिनला ती आवडे.

“पिल्लं खातायत,” ती म्हणाली. “मोठं पोरही खातंय. बाप्या नाही. काल चार फांद्या टाकल्या, चारही तशाच.”

नर हौदाच्या टोकाला, फळीच्या दारापाशी पाण्यात बसून होता. नाक दाराच्या फटीला. त्याच्यामागे सिमेंटच्या ठोकळ्यांचं, पेंढा भरलेलं घर होतं, पण तो त्यात जात नव्हता.

“किती उतरला?”

“चार पौंड. सोमवारी सगळ्यांना वर नेतेय, व्हर्लिन. त्यापुढे थांबवता येणार नाही मला. ती नसली तर चौघंच.”

“ती असेल.”

“मी तसं म्हणतच नाहीये की—”

“असेल म्हणालो ना!”

तीन वर्षांपूर्वीचा प्रकार दोघांनाही माहीत होता. तेव्हा एक मादी अशीच मागे राहिली होती आणि व्हर्लिनने ‘नर तरी जाऊ दे’ म्हणून त्याला एकटा वर पाठवला. नर दोन दिवसही थांबला नाही. ओढ्याने अकरा किलोमीटर खाली उतरला आणि महामार्गावर गाडीखाली आला. व्हर्लिनने त्याला रस्त्यावरून स्वतः उचललं होतं. त्या दिवसानंतर त्याने अर्धं कुटुंब कधी पाठवलं नव्हतं.

“मी काय म्हणते,” नोएमी पेन्सिल काढत म्हणाली, “शेवटचं पिल्लू गेल्या गुरुवारी पहाटे सापडलं. त्याआधी सरासरी दर दोन रात्रींना एक. त्यानंतर शून्य. असं एकदम तुटत नाही. गुरुवारी तिथे काहीतरी बदललं.”

“पोरं गेली. नवरा गेला. आणखी काय बदलायचं?”

“नवरा आधीच गेला होता. तरी पोरं येत होती ना भगदाडाकडे? आठवा, गुरुवारी तुम्ही काय काय केलंत?”

“सापळा काढला, पिल्लू इथे आणलं, सापळा परत लावला, म्हातारीचा पियानो उचलला, कंबर धरली. झालं.”

नोएमीने ‘पियानो’ असं लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. व्हर्लिनला हसू आलं. शिकलेल्या माणसांचं असंच असतं, त्याने मनात म्हटलं.

शुक्रवारी आठवी रिकामी सकाळ. ओसरीवर हेस्टरबाई या वेळी छत्री हलवत नव्हत्या. त्या पायऱ्या उतरून खाली आल्या होत्या, एका हातात वही, दुसऱ्या हातात खुरपी.

“पोरांच्या आईशी मीच बोलले,” त्या म्हणाल्या. “जुळी रविवारपासून आजोळी आहेत. तर आता हे ऐक.”

वही जुनी होती, विद्यार्थ्यांच्या सरावाची. पहिल्या पानांवर ‘डावा हात कच्चा’, ‘घरी अजिबात वाजवलेलं नाही’ असे शेरे होते. शेवटच्या पानावर बाईंनी पंपाची नोंद ठेवली होती. त्यांनी चष्मा लावून वाचलं.

“सोमवार. संध्याकाळी साडेसातपर्यंत पांढरी पाच. सात पन्नासला उतरून पांढरी चार. सव्वाआठला बंद. मंगळवार, तेच, पाच मिनिटं उशिरा. बुधवारी सात पंचेचाळीस. काल सात चाळीस.”

“कसली पांढरी पाच?”

“तुझ्या पत्र्याची! पाणी पत्र्यावर पडतं त्याचा सूर. पहिल्या रात्री मला झोप लागली नाही त्याने. सबंध दलदलीत एवढा मोठा आवाज दुसरा नाही, आणि तू विचारतोस कसली पांढरी पाच?”

व्हर्लिनने लव्हाळ्याकडे पाहिलं. बाईंनी सकाळीच नळी मोकळी केली होती. धार पत्र्यावर पडत होती, तुषार उडत होते. त्याला काहीही ऐकू येत नव्हतं.

हेस्टरबाईंनी त्याच्याकडे वर्गात बघावं तसं बघितलं. “कानातलं कुठाय?”

“गाडीत.”

“घेऊन ये.”

“बाई, मी पाण्यात—”

“व्हर्लिन. घेऊन ये.”

तो गेला, डबी उघडली, पेपरमिंटची भुकटी झटकून यंत्रं कानात बसवली. आणि परत येताना अर्ध्या वाटेतच थांबला.

टणटणटणटण. मोकळ्या मैदानात कुणी ताशा वाजवत बसावं तसा आवाज. लव्हाळ्याच्या पोकळीत तो घुमत होता आणि पाण्यावरून थेट पलीकडच्या काठाला जाऊन परत येत होता. व्हर्लिनने मान वळवून बांधाकडे कान दिला. तिथलं त्याचं भगदाड, ज्यावर तो आठ दिवस भिस्त ठेवून बसला होता, ते कुजबुजल्यासारखं वाहत होतं. या टणटणाटापुढे ते कुणाच्या कानावर जाणार?

“खुरपी दाखवा,” तो म्हणाला.

खुरपीवरचा चिखल अजून ओला होता. त्याने बोटांनी चोळून पाहिला. आत लव्हाळ्याच्या मुळ्या होत्या, घट्ट मळलेल्या, आणि त्यांत करंगळीएवढी काटकी. साल सोललेली. टोकाला तिरकी, स्वच्छ दातांची खूण. दोन रुंद चिरा, शेजारी शेजारी.

व्हर्लिन मटकन ओसरीच्या पायरीवर बसला आणि असा हसायला लागला, की हेस्टरबाईंनी काळजीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“जुळी सापडली, बाई,” तो डोळे पुसत म्हणाला. “एकच आहे. चाळीस पौंडांची.”

मग त्याने नोएमीला फोन लावला. “पोरी, तुझ्या त्या कागदावर ‘पियानो’ खोड आणि ‘पंप’ लिही. गेल्या गुरुवारी दुपारी. मीच लावला. पत्र्यासकट.”

पलीकडून पेन्सिलीचा खरखर आवाज. तोसुद्धा त्याला ऐकू आला.

आता काम सोपं वाटत होतं, पण होतं अवघड. हाती एकच रात्र होती, आणि पंप बसल्यावरही ती कधी भगदाडाकडे वळली नव्हती, म्हणून सापळा नळीपाशीच लावायला हवा होता आणि सबंध दलदलीत तीच एक गळती ऐकू यायला हवी होती. म्हणजे बांधाचं भगदाड बंद करणं आलं. दुपारी व्हर्लिन पाण्यात उतरला आणि ओंजळी भरभरून चिखल थापू लागला. हे काम बीव्हर तासाभरात करतो. माणसाचे हात त्यासाठी नाहीत. तो लव्हाळं कोंबायचा, पाणी ते बाहेर ढकलायचं. तो काटक्या आडव्या घालायचा, त्या तरंगत निघून जायच्या. शेवटी नीट पाहिल्यावर त्याच्या लक्षात आलं, की बीव्हर काटक्या प्रवाहाला समांतर, टोक चिखलात रुतवून बसवतात. चौदा वर्षं बांध फोडले, पण ते कसे रचलेत हे आज पहिल्यांदा कळत होतं.

नेमके तेव्हाच समितीचे अध्यक्ष ड्वाइट प्रुएट काठावर येऊन उभे राहिले. पांढरे बूट, हातात कागद लावलेला पुठ्ठा.

“मिस्टर हाउगस्टाड, तुम्ही बांध फोडायला आलात की बांधायला?”

“तात्पुरता बांधतोय.”

“उद्या सकाळी आठला आम्ही तो पाडणार आहोत.”

“मग चांगला बांधलेला पाडा. अर्धवट कशाला पाडायचा?”

प्रुएटांनी पुठ्ठ्यावर काहीतरी लिहिलं, खोडलं, आणि हेस्टरबाईंकडे पाहिलं. त्या ओसरीवरून इस्त्रीची फळी ओढत आणत होत्या.

“हे काय आहे?”

“इस्त्रीची फळी,” हेस्टरबाई म्हणाल्या. “नुसते बघत काय उभे आहात ड्वाइट, एक टोक धरा.”

नळीच्या तोंडाशी तळ इतका मऊ होता की तीस पौंडांचा सापळा टेकवताच बुडू लागला. तो खोल गेला तर जनावर आत गुदमरणार. काहीतरी रुंद आणि सपाट खाली हवं होतं. घरात तेवढी एकच वस्तू सापडली होती. प्रुएटांनी पांढरे बूट सांभाळत फळीचं टोक धरलं. ते बूट तिसऱ्या पावलाला घोट्यापर्यंत गेले. पण नंतर प्रुएटांनीच फळीचे पाय दुमडून दिले आणि ती नीट आडवी बसेपर्यंत वाकून धरली. व्हर्लिनने दोनदा खोली मोजली, सापळा त्यावर ठेवला, झाकणं ताणली, कडांवर लव्हाळं पसरलं.

“पाणी इथवर,” त्याने आपल्या मनगटाशी खूण केली. “छाती बुडेल, नाक नाही.”

राहिला प्रश्न आवाजाचा. सापळ्यासाठी पत्रा थोडा सरकवावा लागला होता आणि धार आता बद्द आवाज करत पडत होती. हेस्टरबाई ओसरीच्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या, डोळे मिटून.

“फार खाली. हे पांढरी तीनसुद्धा नाही.”

व्हर्लिनने पत्रा तिरका केला.

“आता फार चिरकतंय. असं नव्हतं ते. थोडं मागे घे... थोडं... व्हर्लिन, थोडं म्हटलं मी! तुझी मुलगीसुद्धा अशीच घाई करायची.”

“ती आता शाळेत संगीत शिकवते, बाई.”

“माझ्यामुळे. घाईमुळे नाही. हां... हां, तिथेच. सोड आता. हात लावू नकोस.”

टणटणटण. प्रुएटसुद्धा कान देऊन ऐकत होते. मग त्यांनी ओल्या बुटांकडे पाहिलं, आणि जाता जाता म्हणाले, “खोदयंत्रवाल्याला मी नऊला बोलावतो. त्याला तसाही सकाळी उशीरच होतो.”

शनिवारी व्हर्लिन पहाटे साडेपाचला आला. कानातली यंत्रं कानातच होती. बायकोला सांगून आला होता, की पडली तर पडली. डोंगरामागे आकाश राखी होत होतं. ओसरीवरचा दिवा लागलेला, आणि हेस्टरबाई अंगावर रजई घेऊन खुर्चीत बसलेल्या. त्यांनी बोट ओठांवर ठेवलं, मग वही वर करून दाखवली. काल संध्याकाळचे सात बेचाळीस, असं तीत लिहिलेलं होतं, आणि त्यापुढे: ‘फाडकन.’

झाकणं मिटली होती. जाळीत, इस्त्रीच्या फळीवर, एक भलीमोठी तपकिरी मादी अर्धी पाण्यात बसली होती. तिने व्हर्लिनकडे पाहिलं आणि नाकातून फुरफुरली. पुढच्या दोन्ही पंजांत, हनुवटीखाली दाबून धरलेला चिखलाचा गोळा होता. ज्या कामासाठी आली ते काम तिने अजून सोडलं नव्हतं. वरून धार पत्र्यावर पडतच होती आणि दर थोड्या वेळाने ती मान वळवून त्या धारेकडे वैतागून बघत होती.

“दमली बिचारी,” हेस्टरबाई म्हणाल्या. “बंद कर रे तो पंप आधी.”

व्हर्लिनने पंप बंद केला. टणटण थांबली. मादीने चिखलाचा गोळा खाली ठेवला.

बीव्हरचा नर कुठला आणि मादी कुठली हे वरून ओळखता येत नाही. शेपटीखालच्या ग्रंथींतला स्राव बोटावर घेऊन हुंगावा लागतो. नराचा वास गाडीच्या जुन्या तेलासारखा, मादीचा शिळ्या चीजसारखा. सगळे हिशोब ही आईच असं सांगत होते, तरी व्हर्लिनने तिला गोणपाटाच्या पोत्यात घेतल्यावर रीतसर बोट हुंगलं, कारण नोएमी विचारणार होती.

“चीज,” तो म्हणाला.

“मला बघू,” हेस्टरबाई म्हणाल्या. त्यांनी हुंगलं, नाक मुरडलं. “आमच्या पाद्रीबाबांच्या झग्याला येतो तसा.”

मत्स्यबीज केंद्रावर पोहोचेपर्यंत उजाडलं होतं. नोएमीने वजन केलं, एकेचाळीस पौंड. तिने तीनदा केलं. मग दोघांनी मिळून पोतं हौदाच्या कडेला नेलं आणि तोंड सोडलं. मादी पाण्यात सरकली ती बुडीच मारून. पाण्यावर एक लाट गेली, आणि दाराच्या फटीला नाक लावून बसलेल्या नराने वळून पाहिलं.

व्हर्लिनला वाटलं होतं शेपट्या आपटतील, पाणी उडेल. तसं काही झालं नाही. मादी वर आली, नराच्या शेजारी आली, दोघांनी नाकाला नाक लावलं. पेंढ्याच्या घरातून पिल्लं सटकन बाहेर पडली. आणि मग व्हर्लिनला एक आवाज आला. बारीक, लांबट, कण्हल्यासारखा; लहान मूल झोपेत बोलतं तसा. मग दुसरा, थोडा जाड. मग चार-पाच एकदम.

“हे काय?” त्याने विचारलं.

“काय, काय?”

“हा आवाज.”

नोएमीने त्याच्याकडे आश्चर्याने पाहिलं. “बोलतायत. नेहमी बोलतात. हौदात असली की दिवसभर चालूच असतं. तुम्ही चौदा वर्षं...” ती थांबली. त्याच्या कानाकडे तिचं लक्ष गेलं.

“मला वाटायचं मुकी असतात,” व्हर्लिन म्हणाला.

तो हौदाच्या कठड्यावर बसला. नोएमीने वाळुंजाची फांदी टाकली. नराने ती पंजांत धरली, गोल फिरवली आणि साल सोलायला लागला. दातांचा बारीक, भरभर करकर आवाज येत होता. मादी त्याच्या मागून त्याच फांदीचं दुसरं टोक ओढत होती. सोमवारी सगळे वर जाणार होते, ज्या ओढ्याला बांध हवा होता तिथे. व्हर्लिनला कुठेही जायची घाई नव्हती. नोएमीने डोनट आणले होते, मेपलच्या साखरेचे, त्यातला एक खात तो ऐकत बसला.

सव्वाआठला फोन वाजला. हेस्टरबाई.

“व्हर्लिन, तू गेल्यावर मी पंप पुन्हा चालू केला. बसलाय.”

“आता कोण येणार चिखल भरायला? मादी इथे आहे माझ्यासमोर.”

“नळी स्वच्छ आहे. खुरपी घालून पाहिली मी.”

“मग?”

पलीकडे हेस्टरबाईंनी खुरपी खाली ठेवल्याचा आवाज आला. त्यांना ते बोलणं जड जात होतं.

“चाळणी,” त्या म्हणाल्या. “चाळणी भरलीय.”